पांढरी पावडर आणि प्रयोगशाळेचा निकाल

खोपोली म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बोरघाट, टाटांचे वीजघर आणि कारखान्यांचे भोंगे येतात. कर्जत म्हटले की लोकलची गर्दी, गरम वडापाव आणि पावसाळ्यातले धबधबे येतात. परंतु गेल्या काही वर्षांत या दोन्ही नावांना आणखी एक ओळख चिकटू पाहत आहे, आणि ती अभिमानाने सांगावी अशी नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये रायगड पोलिसांनी खोपोलीजवळच्या ढेकू गावच्या हद्दीतील एका कारखान्यावर छापा घातला. तेथे ८५ किलोहून अधिक एमडी पावडर सापडली. पोलिसांनी तिची किंमत सुमारे १०७ कोटी रुपये सांगितली. पुढच्या तपासात आणखी साठा मिळाला आणि एकूण आकडा सव्वातीनशे कोटींच्या घरात गेला. त्यानंतर २०२५ मध्ये कर्जत तालुक्यातील एका फार्महाऊसवरही मुंबई पोलिसांनी एमडी तयार करण्याचा अड्डा उघडकीस आणला. कोण दोषी आणि कोण निर्दोष, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. परंतु ही पावडर नेमकी आहे तरी काय, ती माणसाच्या देहात गेल्यावर काय करते आणि तिचा माग शास्त्रज्ञ कसा काढतात, हे आपल्या प्रत्येक घराला माहीत असले पाहिजे. कारण हे अड्डे चालतात ते आपल्या वस्त्यांच्या उशाशी, आणि त्यांत हमाल, रखवालदार आणि गिऱ्हाईक म्हणून ओढली जातात ती आपलीच मुले.

आम्ही हिशेबाच्या वहीत डोके घालणारी माणसे. म्हणून सुरुवात हिशेबानेच करतो. पोलिसांनी सांगितलेली किंमत धरली, तर या पावडरीचा एक ग्रॅम साधारण साडेबारा हजार रुपयांना पडतो. म्हणजे चिमूटभर पावडरीत एखाद्या कंत्राटी कामगाराचा महिन्याचा पगार उडतो. हा पैसा कोठून येतो? आधी खिशातून, मग आईच्या डब्यातून, मग बहिणीच्या कानातल्यांतून, आणि शेवटी चोरीतून किंवा दुसऱ्याला पावडर विकण्यातून.

एमडी म्हणजे काय?

एमडी म्हणजे मेफेड्रोन. ‘म्याव म्याव’ हे तिचे बाजारातले दुसरे नाव. पुष्कळांचा समज असतो की एमडी आणि एमडीएमए एकच. तसे नाही. एमडीएमए हे वेगळे रसायन आहे. मेफेड्रोन हे कॅथिनोन जातीचे आहे. इथिओपिया, सोमालिया, येमेन या देशांत ‘खाट’ नावाच्या झुडपाची पाने चघळण्याची चाल आहे. त्या पानांत कॅथिनोन हे उत्तेजक द्रव्य निसर्गतःच असते. माणसाने कारखान्यात त्याच्या नकला तयार केल्या, आणि त्यांतलीच एक ही मेफेड्रोन. तिला ना झाड लागते, ना शेत, ना पाऊस. लागते ती एक बंद शेड, काही रसायने, आणि कायदा धाब्यावर बसविणारा जाणकार.

हे रसायन प्रथम १९२९ साली तयार झाले आणि नंतर अनेक दशके विस्मृतीत गेले. २००० नंतरच्या दशकात ते युरोपच्या बाजारात पुन्हा आले. पुडीवर ‘झाडांचे खत’, ‘आंघोळीचे क्षार’, ‘माणसाने खाण्यासाठी नाही’ असे छापून ते उघड विकले जाई, कारण कायद्याच्या यादीत त्याचे नावच नव्हते. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये त्याच्यावर बंदी घातली. आपल्याकडे फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या म्हणजे एनडीपीएस कायद्याच्या यादीत आले. तोपर्यंत मुंबईच्या गल्लीबोळांत त्याने बस्तान मांडले होते.

या धंद्याची खरी चलाखी येथेच आहे. एका रसायनावर बंदी आली की त्याची रचना किंचित बदलायची आणि नवे नाव देऊन बाजारात आणायचे. अशी नवनवी नशेची बाराशेहून अधिक द्रव्ये जगात आढळल्याची नोंद संयुक्त राष्ट्रसंघाच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाकडे आहे. पुडी घेणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक नसते. बहुतेक वेळा विकणाऱ्यालाही नसते.

देहात काय घडते?

पावडर नाकाने ओढली की काही मिनिटांत अंगात वीज संचारल्यासारखे वाटते. झोप पळते, भूक मरते, माणूस बडबड करतो, आपण काहीही करू शकतो असे त्याला वाटते. हा अंमल दोन-तीन तासांत उतरतो आणि उतरताना मन खोल खड्ड्यात पडते. मग लगेच दुसरी मात्रा, मग तिसरी. या पावडरीचा मोठा धोका तो हाच. एका रात्रीत माणूस किती ओढतो, याचे भान त्याला राहत नाही.

दरम्यान हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकसतात. अंगाचा ताप धोकादायक पातळीपर्यंत जाऊ शकतो. दात एकमेकांवर घासतात, नाकातून रक्त येते, घामाने अंग भिजते. काहींना झटके येतात. काहींच्या मनात संशय शिरतो. कोणी आपल्या मागावर आहे, घरचे आपल्याला विष घालणार आहेत, असे भास होतात. त्यात दारूची भर पडली की धोका आणखी वाढतो. कालपर्यंत धडधाकट असलेला तरुण हृदय बंद पडून जातो आणि लोक म्हणतात, “याला काय झालं होतं?”

हे ‘काय झालं होतं’ शोधून काढणाऱ्या शास्त्राला न्यायवैद्यक विषशास्त्र म्हणतात.

मेलेला माणूस साक्ष देतो

पूर्वी विषप्रयोग सिद्ध करणे फार कठीण होते. सोमल पोटात गेले तर उलट्या-जुलाब होत आणि लोक पटकी झाली म्हणत. पॅरिसमधील डॉक्टर ओर्फिला यांनी १८१४ साली विषांवर मोठा ग्रंथ लिहून या शास्त्राचा पाया घातला. १८३६ साली इंग्लंडमधील जेम्स मार्श यांनी सोमल शोधण्याची खात्रीची चाचणी दिली. तेव्हापासून विष देणाऱ्याची झोप उडाली.

आपल्या राज्यात हे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा करतात. त्यांचे मुख्यालय मुंबईत सांताक्रूझजवळ कलिना येथे आहे, म्हणून पोलिसांच्या आणि वकिलांच्या तोंडी ‘कलिन्याचा रिपोर्ट’ हा शब्द असतो. संशयास्पद मृत्यू झाला की शवविच्छेदन करणारे डॉक्टर जठर, आतड्याचा भाग, यकृत, मूत्रपिंडे यांचे तुकडे आणि रक्त काढून ठेवतात. यालाच ‘व्हिसेरा’ म्हणतात. अवयव साधारणपणे मिठाच्या दाट द्रावणात आणि रक्त वेगळ्या बाटलीत ठेवून, मोहोरबंद करून प्रयोगशाळेत पाठवितात. कॅथिनोन जातीची द्रव्ये रक्तात नुसती राहिली तर हळूहळू विघटित होतात. म्हणून रक्तात योग्य परिरक्षक घालणे, ते थंड ठेवणे आणि लवकर पोहोचविणे या तीन गोष्टींना फार महत्त्व आहे. बाटली उन्हात पडून राहिली तर पुरावाच विरून जाण्याची भीती असते.

प्रयोगशाळेत प्रथम रंगाच्या चाचण्या होतात. ठराविक रसायनाचा थेंब पावडरीवर टाकला की रंग बदलतो. परंतु जुन्या उत्तेजक द्रव्यांवर जी चाचणी चटकन भगवा-तपकिरी रंग दाखविते, ती मेफेड्रोनवर जवळजवळ गप्प राहते. लघवीच्या तयार पट्ट्यांचेही तसेच. त्या जुन्या द्रव्यांसाठी बनलेल्या असल्याने नव्या द्रव्यांना हुकू शकतात. म्हणून पट्टी कोरी आली म्हणजे मुलगा सुटला, असे समजू नये.

खरा निकाल देते ते मोठे यंत्र. त्याचे काम समजायला कर्जतहून सुटणारी लोकल डोळ्यांपुढे आणा. डब्यात शंभर उतारू एकत्र बसलेले आहेत, पण कोणी बदलापूरला उतरतो, कोणी कल्याणला, कोणी दादरला. त्याचप्रमाणे नमुन्यातील सगळी द्रव्ये वायूबरोबर एका लांब, केसासारख्या बारीक नळीतून सोडतात. प्रत्येक द्रव्य आपापल्या ठरलेल्या वेळी बाहेर पडते. बाहेर पडताच यंत्र त्याचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याचे वजन नोंदविते. वेळ आणि वजने या दोन्ही गोष्टी अस्सल नमुन्याशी जुळल्या, की द्रव्याचे नाव नक्की होते. मेफेड्रोनची जुळी भावंडेही आहेत. त्यांचे वजन अगदी सारखे, फक्त एक अणुगट वेगळ्या जागी. तेथे नुसत्या वजनावर भागत नाही, कोण कोणत्या स्टेशनावर उतरला ते पाहावे लागते. आणि ताडून पाहायला अस्सल नमुनाच हाती नसेल, तर अगदी नवे द्रव्य ओळखणे मोठ्या यंत्रालाही अवघड जाते.

एवढे करूनही एक प्रश्न उरतो. देहात एमडी सापडली म्हणजे मरण तिनेच आले का? याचे उत्तर एका आकड्यात मिळत नाही. जेवढ्या मात्रेत एक जण मेला, तेवढी मात्रा घेऊन दुसरा जगल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल, हृदयाची आणि मेंदूची स्थिती, सोबत घेतलेली दारू, मृत्यूच्या वेळची परिस्थिती हे सर्व एकत्र पाहून डॉक्टर अंतिम मत देतात.

एका माउलीचा प्रश्न

खालापूर तालुक्यातील एका वस्तीत आम्ही व्यसनमुक्तीच्या बैठकीसाठी गेलो होतो. बैठक संपल्यावर एक माउली बाजूला उभी राहिली. तिचा बावीस वर्षांचा मुलगा कंत्राटावर कामाला होता. दिवसपाळीला जोडून रात्रपाळी मारता यावी म्हणून कोणी तरी त्याला ‘झोप न येण्याची पावडर’ दिली होती. एका पहाटे तो खोलीत निपचित सापडला. ती म्हणाली, “दादा, पोरगं तर गेलं. पण वस्तीत म्हणत्यात त्यानं जीव दिला. कशानं गेलं, एवढं तरी मला कळंल का?”

शवविच्छेदनाच्या कागदावर लिहिले होते, ‘मृत्यूचे कारण राखून, व्हिसेरा जतन’. याचा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता. आम्ही अकस्मात मृत्यूचा नोंद क्रमांक लिहून घेतला, अर्ज केला, हेलपाटे घातले. कित्येक महिन्यांनी अहवाल आला. त्यात एमडी होती आणि दारूही होती. विषारी औषध किंवा कीटकनाशक मात्र नव्हते. त्या कागदाने मुलगा परत आला नाही. परंतु त्याने जीव दिला नव्हता, तो फसला होता, एवढे तिला चारचौघांत सांगता आले. आणि त्याचा धाकटा भाऊ, जो त्याच वाटेवर होता, तो तो कागद वाचून स्वतःच्या पायाने उपचाराला आला. प्रयोगशाळेचा अहवाल केवळ न्यायालयासाठी नसतो, तो असा जिवंत माणसांसाठीही असतो.

पावडर की अजिनोमोटो?

प्रयोगशाळा दोषी माणसाला पकडते, तशी कधी आरोपच उलटा पाडते. मार्च २०१५ मध्ये सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात मुंबईच्या एका पोलीस हवालदाराच्या घरातून शंभर किलोहून अधिक पावडर एमडी म्हणून जप्त झाली. राज्यभर खळबळ उडाली. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालात ती अजिनोमोटो, म्हणजे चायनीज पदार्थांत घालतात ती पावडर, असल्याचे निघाले. खटल्याचे सगळे चित्रच पालटले.

यातून आपण काय घ्यायचे? डोळ्यांना सर्व पांढऱ्या पावडरी सारख्याच दिसतात. म्हणून जप्ती झाली की पंचनामा, वजन, मोहोर आणि कायद्याच्या कलम ५२-अ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नमुने काढणे, ही साखळी अखंड असावी लागते. साखळी तुटली तर खरा गुन्हेगार सुटतो. आणि साखळी कोणी तपासलीच नाही तर निरपराध माणूस आत सडतो.

कायद्याचा काटा

एमडीच्या बाबतीत २ ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा आणि ५० ग्रॅमपासून पुढे व्यापारी मात्रा धरतात. अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत शिक्षा, तर व्यापारी मात्रेला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे सक्तमजुरी आणि एक ते दोन लाख रुपये दंड आहे. जामीनही अत्यंत कठीण. ५० ग्रॅम म्हणजे किती? मुठीत मावेल एवढी पुडी. शिवाय एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग खटल्यात स्पष्ट केले की भेसळीसह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे. म्हणजे पुडीत निम्मी ग्लुकोज पावडर असली, तरी वजन पूर्ण पुडीचेच. “दोन हजार देतो, एवढी पिशवी पनवेलला पोहोचव,” असे कोणी म्हटले तर तो दोन हजारांत आपल्या मुलाची दहा वर्षे विकत घेत असतो.

कामगारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘मला माहीत नव्हते’ हे या कायद्यात नुसते म्हणून चालत नाही, ते आरोपीला सिद्ध करावे लागते. म्हणून बंद पडलेल्या कारखान्यात किंवा एकांतातल्या फार्महाऊसवर काम मिळाले, तर डोळे उघडे ठेवा. फक्त रात्री काम, हजेरीपट नाही, पगार रोख आणि चालू दरापेक्षा फार जास्त, मोबाईल काढून घेणे, खिडक्यांना काळे कापड, पिंपांवरची नावे खरवडलेली, डोळे-घसा जाळणारा वास, रात्रीच्या अंधारात ओढ्यात सोडलेले सांडपाणी, अशी चिन्हे दिसली की तेथून निघा आणि कळवा. अशा जागी ना संरक्षक मुखवटा असतो, ना ईएसआय. आग लागली तर पळायला दुसरे दार नसते. आणि ते सांडपाणी पाताळगंगेला किंवा उल्हासला मिळाले, तर ते खालच्या गावांच्या हंड्यात येते. खोली किंवा गाळा भाड्याने देताना करारनामा करा आणि पोलीस ठाण्यात माहिती द्या. जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्यालाही हाच कायदा लागतो.

घराने काय करावे?

एखादा मुलगा नशेत तळमळत असेल, अंग तापले असेल, छातीत दुखत असेल किंवा झटके येत असतील, तर अब्रूचा विचार न करता १०८ ला फोन करा. त्याला बांधून ठेवू नका, चारचौघांनी अंगावर बसू नका. मोकळ्या हवेत न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवा आणि तोंडात काहीही घालू नका. उलटी करविण्याचा प्रयत्न नको. त्याने काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगा आणि उरलेली पुडी सोबत न्या. खोटे सांगितल्याने वेळ जातो, आणि त्या वेळेतच जीव जातो.

दुर्दैवाने मृत्यू झालाच, तर अंत्यविधीची घाई करू नका. शवविच्छेदन होऊ द्या. पुडी, बाटली, सुई, कपडे फेकू नका, पोलिसांच्या स्वाधीन करा. अकस्मात मृत्यूचा नोंद क्रमांक आणि शवविच्छेदन क्रमांक लिहून ठेवा. व्हिसेरा कोणत्या तारखेला प्रयोगशाळेत गेला, हे तपास अधिकाऱ्यांना विचारा आणि लेखी अर्ज करीत राहा.

मुलगा व्यसनात असेल तर मारझोड किंवा खोलीत कोंडणे हा उपाय नव्हे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करीत आहे. डॉ. अनिता अवचट यांनी ते ब्राऊन शुगरच्या काळात उभे केले. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. अड्ड्याची माहिती देण्यासाठी १९३३ हा क्रमांक जुलै २०२४ पासून सुरू आहे. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण करीत असेल, तर कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते. आणि मुलगा अटकेत असेल, तर तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींना, स्त्रियांना आणि कोठडीतील व्यक्तीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. क्रमांक १५१००.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्या वस्त्यांत आजही सर्वांत जास्त घरे दारूने उद्ध्वस्त होतात. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारू पिणाऱ्यांचे प्रमाण १४.६ टक्के आणि अशा उत्तेजक द्रव्यांचे पाव टक्क्याहूनही कमी आढळले होते. परंतु आग लहान असतानाच विझवायची असते. पंचशीलातील पाचवे शील आपण दर पौर्णिमेला म्हणतो. ते शील घेताना दारूबरोबर या पावडरीचेही नाव मुलांना सांगू या. ती काय आहे आणि ती काय करते, हे त्यांना बाजारातल्या दलालाने सांगण्याआधी आईबापांनी सांगितलेले बरे. येत्या रविवारी विहारात मुले जमतील तेव्हा अर्धा तास याच विषयाला द्यावा, आणि वर दिलेले चारही क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.